सिनेमात मुलगी नाही

११ फेब्रुवारी २०२४, लातूर

ह्यांच्यावर सिनेमा निघणार आहे. लिहितानासुद्धा कसंतरी वाटतं.

आदिनाथ म्हणून एक मुलगा आज घरी आला होता, शिरूर अनंतपाळचा. तीस-बत्तीसचा असेल. पुण्यात सिनेमाचं शिकलाय, आता पहिला मोठा सिनेमा करायचाय म्हणतो. संगमेश्वर भाऊजींनीच त्याला दुकानावरून घरी आणलं. हे गेल्यापासून धान्याच्या मोंढ्यातली आडत भाऊजीच बघतात. मुलगा चांगल्या वळणाचा वाटला. आल्याबरोबर अव्वांच्या पाया पडला, मला काकू म्हणाला. हे गेले तेव्हा तो कॉलेजात होता, पेपरात वाचलेलं डोक्यातून गेलं नाही म्हणे. लातूरचा नावाजलेला आडत्या गुरुलिंगअप्पा, आणि त्याच्याच पिकअपवर वर्षानुवर्षं राबलेला ड्रायव्हर भुजंग. रेणापूर रस्त्यावर गाडी थांबवून भुजंग त्यांना चाक खोलायच्या लोखंडी टॉमीनं मारतो आणि स्वतःच ठाण्यात जाऊन बसतो. "का मारलं, हे कुणीच नीट छापलं नाही काकू," असं म्हणाला.

मी म्हणाले, छापायचं काय त्यात? नमकहराम निघाला. कोर्टानं जन्मठेप दिली, विषय संपला.

भाऊजींनी सांगून टाकलं, नावं बदलायची आणि ह्यांची इज्जत राखायची. नावं नक्की बदलतो म्हणाला. दुसऱ्या गोष्टीवर नुसती मान हलवली.

मी त्याला भरपूर सांगितलं. हे लिंगपूजा केल्याशिवाय पाणी पीत नसत. मठाला दरसाल तुरीचं पोतं जायचं. हमालांच्या पोरींच्या लग्नात साडी ठरलेली. आणि शिस्त. ह्यांच्या मोटारसायकलचा आवाज गल्लीत आला की घर जागच्या जागी लागायचं. त्यानं काही लिहून घेतलं नाही, नुसता ऐकत होता.

अव्वांना त्यानं विचारलं, मुलगा कसा होता तुमचा? सासूबाई आता ऐंशीच्या पुढे गेल्यात, बोलणं कमी झालंय. कानडीत एवढंच म्हणाल्या, सिट्टु भाळ. म्हणजे राग फार. मी लगेच सांगितलं, राग फार पण मन साफ.

आमची शिवानी रविवारची नांदेडहून आलेली होती. तिथं एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे ती. चहा तिनंच केला, पण बाहेर येऊन बसली नाही. तो निघाला तेव्हा मात्र गल्लीच्या तोंडापर्यंत रस्ता दाखवायला गेली आणि बराच वेळ आली नाही. सरळ तर रस्ता आहे, दाखवायचं काय त्यात? लग्नाचं वय निघून चाललंय. कोण काय बोलेल ह्याचं भान नाही पोरीला.

३ मार्च

आदिनाथ पुन्हा आला. ह्या वेळी बैठकीत न बसता सरळ स्वयंपाकघरातच बसला, फरशीवर मांडी घालून. आजकालची पोरं टेबलाशिवाय जेवत नाहीत. मी खपली गव्हाची, गुळातली हुग्गी केली होती.

त्याचे प्रश्न चमत्कारिक असतात. अप्पा जेवायला कुठं बसायचे? तुम्ही कुठं उभ्या असायच्या? भाकरी किती वेळानं वाढायच्या? सांगितलं. तव्यावरची भाकरी थेट ताटात पडली पाहिजे, मधे हात थांबलेला त्यांना चालायचा नाही. मग तुम्ही केव्हा जेवायच्या? मी म्हटलं, नंतर. तो म्हणाला, "म्हणजे गारच." मला हसू आलं. ह्याची बायको ह्याला गरम वाढून स्वतः गारच खाईल ना उद्या.

मग भुजंगचं निघालं. ह्यांनी त्याला मोंढ्यात सगळ्यांसमोर चपलेनं मारलं, ते कशावरून, असं विचारलं. ती गोष्ट सगळ्या लातूरला माहीत आहे. भुजंगनं न विचारता दुकानाची पिकअप नेली होती, त्याच्या बायकोला, लक्ष्मीबाईला, बाळंतपणाला दवाखान्यात आणायला. त्यानंतर दोनेक महिन्यांनी त्यानं ह्यांचा जीव घेतला. चपलेचा राग एवढा धरायचा असतो का?

"पण अप्पांना कळलं कसं गाडी नेल्याचं?"

मीच सांगितलं, म्हटलं. रात्री जेवताना आमटी जरा खारट झाली होती. ह्यांचं तोंड फिरलं, ताट सरकवलं. तेवढ्यात मला गाडीचं आठवलं म्हणून बोलून गेले. लपवण्यासारखं काय होतं त्यात? मालकाची गाडी, मालकाला कळायला नको?

आदिनाथ चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. हुग्गी अर्धी टाकली. गूळ जास्त झाला असणार.

१७ मार्च

फसवणूक झाली. भाऊजींना मोंढ्यातून कळलं की हा पोरगा रेणापूरला लक्ष्मीबाईकडेसुद्धा जातो. एकदा नाही, तीन-चार वेळा. तिच्या घरी जेवला. ज्या माणसानं माझं कुंकू पुसलं त्याच्या घरी जेवून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

फोन लावून बोलले. तो शांतपणे म्हणाला, "काकू, मला दोन्हीकडचं ऐकावं लागतंय. भुजंगपण काही देवमाणूस नव्हता, त्याची बायकोच सांगते." मी म्हटलं, मग ऐक तिचंच, आमच्या दारात पाय ठेवू नको.

शिवानीला सांगितलं तर म्हणे, त्यात त्याचं काय चुकलं? दोन घरं उद्ध्वस्त झाली ना आई. मला राग आला. आपलं घर कुठं उद्ध्वस्त झालं? अव्वा आहेत, मी आहे, दुकान चालू आहे, तू नोकरीला आहेस. उद्ध्वस्त त्या लोकांचं झालं.

२४ नोव्हेंबर

बऱ्याच दिवसांनी लिहिते. सोयाबीनचा हंगाम, भाऊजींना डबा पाठवण्यात दिवस जातो.

सिनेमाचं शूटिंग नांदेडला चाललंय म्हणे. लातूरच्या मोंढ्यात परवानगी मिळू दिली नाही भाऊजींनी. शिवानीनं मला ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. आज फोनवर सहज म्हणून विचारते, "आई, अप्पा चिडायचे तेव्हा तू काय करायचीस गं?"

मी म्हणाले, काय करणार? कामाला लागायची.

"काय काम?"

असलं काही विचारतात का कुणी? म्हटलं, घरात कामाला तोटा असतो का, हाताला येईल ते. ती म्हणाली, बरं, ठेवते. आवाज बसल्यासारखा वाटला. हळददूध घे म्हणून सांगायचं राहून गेलं.

१९ सप्टेंबर २०२५

आज सिनेमा लागला. नाव ठेवलंय 'कडता'. शेतकऱ्याच्या मालातून आडत्या वजनात कापतो ना, तो कडता. नावातच खोट.

भाऊजी, जाऊबाई आणि मी दुपारच्या खेळाला गेलो. शिवानीला ये म्हटलं तर म्हणाली, मला नाही बघायचा. जाऊबाईंचं डोकं दुखायला लागलं तसे ते दोघं मध्यंतरात बाहेर गेले. मी शेवटपर्यंत बसले. आपल्या माणसाचं काय केलंय ते आपण नाही बघायचं तर कुणी?

खरं लिहायचं म्हटलं तर बनवलाय चोख. पोराच्या हातात कसब आहे. मोंढ्यातली सकाळ अशी दाखवलीय की धूळ आपल्या नाकात गेल्यासारखी वाटते. चपलेचा प्रसंग लांबून घेतलाय, पोत्यांच्या थप्पीआडून. गाणंबिणं काही नाही. इकडे चप्पल पडते आहे आणि तिकडे काट्यावर पोती चढत-उतरत आहेत, एकही हमाल थांबत नाही. थिएटरात कुणी शिंकलंसुद्धा नाही.

आणि तो नट. कुठला आहे कोण जाणे, ह्यांच्यासारखा दिसत तर नाही. पण जेवताना त्यानं तांब्या जरा जोरात खाली ठेवला आणि माझा हात आपोआप पदर सारखा करायला गेला. शेजारच्या खुर्चीवरच्या पोरीनं माझ्याकडे बघितलं. हे मी आदिनाथला सांगितलं नव्हतं. तांब्याचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. लक्ष्मीबाईला माहीत असणं शक्य नाही, ती कधी उंबऱ्याच्या आत आली नाही.

बाकी सगळं मात्र कडू. एकसुद्धा माणूस धड नाही. आडत्या कडता कापतो, नोकरांना जनावरासारखं वागवतो. ड्रायव्हर पोत्यांतून माल चोरतो, घरी जाऊन बायकोला झोडपतो. ती बायको खोटी साक्ष द्यायला तयार होते. आणि आडत्याची बायको, म्हणजे मी, ती तर सगळ्यांत वाईट दाखवलीय. आमटी खारट होते, नवऱ्याचा हात वर जातो, आणि ही बया स्वतःवरचं टाळायला ड्रायव्हरचं नाव पुढे करते. मी तसं केलंच नव्हतं. विषय निघाला म्हणून सांगितलं होतं. वेळ तीच होती, पण कारण ते नव्हतं.

सगळ्यांत खोटा प्रसंग मिक्सरचा. आडत्या त्या ड्रायव्हरला घरातल्या मागच्या खोलीत नेतो, दार लावतो, पट्ट्यानं मारतो. बायको स्वयंपाकघरात. ती मिक्सरमध्ये शेंगदाणे टाकते आणि चालू करते. दाण्याचा कूट होतो, कुटाला तेल सुटतं, तरी बंद करत नाही. कॅमेरा तिच्या तोंडावरच ठेवलाय, हलवत नाही. लोक चुळबुळायला लागले.

भुजंगला ह्यांनी घरात कधी हात लावला नाही. मागच्या खोलीत भुजंगचं काय काम? मी मिक्सर लावायची ते भुजंगसाठी नव्हतंच. घरातलं गल्लीत ऐकू जाऊ नये म्हणून कुठलीही बाई लावेल. त्यात कॅमेरा रोखून बघण्यासारखं काय आहे?

आणि एक गोष्ट मी हेरली. त्या नवरा-बायकोला मूल नाही दाखवलेलं. आम्हाला शिवानी आहे. म्हणजे ही आमची गोष्ट नाहीच. भाऊजींना हे सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, "वहिनी, हाच मुद्दा धरायचा."

२१ सप्टेंबर

पेपरात परीक्षण आलंय. दिग्दर्शकाची पकड विलक्षण आहे, पण एकाही पात्रावर जीव जडत नाही असं लिहिलंय. मारणाऱ्यावर नाही, मेलेल्यावर नाही, आणि त्या बायकोवर तर मुळीच नाही. प्रेक्षकानं धरायचं कुणाला?

पेपरवाल्याचं पहिल्यांदा पटलं. ती बाई मलाही अजिबात आवडली नाही.

मोंढ्यात मात्र कुजबूज आहे. ह्यांच्या नावानं तिथं पाणपोई बांधायचं घाटत होतं, दहाव्या पुण्यतिथीला उद्घाटन करायचं म्हणून. आता व्यापाऱ्यांच्या मंडळातले दोघं-तिघं म्हणतायत, जरा थांबू. हणमंतराव म्हणून मंडळाचे अध्यक्ष आहेत, त्यांनी भाऊजींना तोंडावर विचारलं, सिनेमातलं कितपत खरं आहे? हे जिवंत असते तर ह्याच हणमंतरावांची नजर वर करून बोलायची छाती झाली नसती.

भाऊजींनी पत्रकारांना बोलवायचं ठरवलंय. मी बोलायचं आहे. शिवानीनंही हजर राहायचं, असं त्यांनी तिला फोनवर बजावलंय.

२३ सप्टेंबर

झालं एकदाचं. दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. दहा-बारा पत्रकार आले. हणमंतरावही येऊन बसले. शिवानी सकाळच्या गाडीनं आली, शेवटच्या रांगेत बसली. तोंड उतरलेलं होतं. मी पांढऱ्यावर बारीक बुट्टे असलेली साडी नेसले.

मी मिक्सर, मागची खोली, सगळं खोटं आहे म्हणून सांगितलं. त्या जोडप्याला मूल नाही, आम्हाला मुलगी आहे, मग ही आमची कहाणी कशी, असं विचारलं. सगळ्यांनी लिहून घेतलं. एक पोरगी होती पत्रकारांत, आरती नावाची. तिनं विचारलं, "काकू, तुमच्या मिस्टरांनी घरात कधी कुणावर हात उचलला होता का?"

"कधीच नाही," मी म्हणाले. "आमच्या घरात आवाजसुद्धा मोठा होत नसे. माझी मुलगी मागं बसलीय, तिला विचारा."

सगळ्यांनी मान वळवली. शिवानी उभी राहिली. मला वाटलं पुढे येऊन बोलेल. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आईनं सांगितलं ना." आणि जिना उतरून गेली.

तेवढं पुरे झालं. हणमंतराव जाताना हात जोडून गेले. भाऊजी म्हणाले, वहिनी, बाजी मारली तुम्ही. शिवानीची मी घरी वाट बघत होते, तर ती परस्पर बसस्टँडवरून नांदेडला निघून गेली होती. सुट्टी मिळाली नसेल.

२५ सप्टेंबर

लातूरमधून सिनेमा उतरवला. समाजातली काही मुलं थिएटरच्या मालकाला भेटून आली म्हणे. निलंग्यात तर लागलाच नाही.

आदिनाथचा फोन आला. आवाजात राग नव्हता, ते जास्त खटकलं. म्हणाला, "काकू, सिनेमा उतरला त्याचं काही नाही. पण शिवानीला तुम्ही सगळ्यांसमोर उभं करायला नको होतं." हा कोण माझ्या मुलीबद्दल मला सांगणारा? मी फोन ठेवला.

शिवानी फोन उचलत नाही. मेसेजला उत्तर देते, बरी आहे, कामात आहे.

६ ऑक्टोबर

शेजारच्या शिवम्मा आज बसायला आल्या होत्या. आमची भिंतीला भिंत, तीस वर्षांचा शेजार. सिनेमा उतरवला ते बरं झालं म्हणत होत्या. चांगल्या मनाची बाई. चहा घेता घेता म्हणाल्या, "पण वहिनी, मिक्सरचं त्या पोराला कसं कळलं ओ? आम्ही तर कुणापाशी बोललो न्हाई. तुमचा मिक्सर लागला की मी पोरांना घेऊन गच्चीवर जायची. शिवानीचं रडणं लई काळजाला लागायचं."

मी विचारलं, ऐकू यायचं?

"येणारच की. भिंत काय, अर्ध्या विटेची." मग माझ्याकडे बघून घाईनं म्हणाल्या, "पण गल्लीतली गोष्ट गल्लीत राहिली बघा. कुणी चकार शब्द काढला न्हाई."

मी विषय बदलला. त्यांच्या सुनेला दिवस गेलेत, त्यावर बोललो.

त्या गेल्यावर काम सुचेना. म्हणजे एवढी वर्षं सगळी गल्ली मला दारात भेटून, भाजी काय केली म्हणून विचारत होती, आणि सगळ्यांना माहीत होतं. रांगोळी घालताना, हळदीकुंकवाला, ह्यांच्या तेराव्याला. मी पण किती ताठ मानेनं जायची.

अव्वांना विचारलं, तुम्हाला ऐकू यायचं का हो? त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना आता कमीच ऐकू येतं म्हणा.

१२ ऑक्टोबर, रविवार

नांदेडला जाऊन आले. सकाळची एसटी धरली, भाऊजींना मठात जाते म्हणून सांगितलं. शिवानीला कळवलं नव्हतं. दवाखान्यासमोर उभी राहून फोन केला तेव्हा खाली आली. पांढऱ्या कोटात बारीक वाटली. समोरच्या हॉटेलात बसलो.

मी सरळ विचारलं, त्या पोराला तू सांगितलंस?

"हो. पहिल्याच दिवशी, गल्लीच्या तोंडाला उभं राहून. मग नंतर बरंच."

तांब्याचं पण? हो म्हणाली. मी म्हटलं, बापाची अशी बेअब्रू करायची? मेलेल्या माणसाची? तिनं ते ऐकलं न ऐकलं केलं. टेबलावर पाण्याचे गोल उमटले होते, ते बोटानं पुसत बसली. मग म्हणाली, "त्यात एक मुलगी होती आई. आधी लिहिलं तेव्हा. दहावीतली, गणितात कमी मार्क पडले म्हणून मागच्या खोलीत नेलेली. आदिनाथ म्हणत होता, सिनेमाचा जीव तिच्यात आहे. मी त्याला ती काढायला लावली. त्याला ड्रायव्हरला घरात आणावं लागलं त्यापायी. पेपरवाले म्हणतात ना, जीव लावायला कुणी नाही. होतं एक."

का काढायला लावलीस, मी विचारलं.

"ती राहिली असती तर सगळ्यांनी तुला विचारलं असतं, तू कुठं होतीस म्हणून."

चहा आला. दोघींनीही हात लावला नाही. मला त्या हॉलमधलं आठवलं. मूल नाही म्हणून मी किती ठासून सांगितलं होतं, ते. पण मला काय माहीत? मला कुणी काही सांगितलं होतं का?

"मला बाकी काही नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "अप्पांबद्दल काय सांगायचं ते सांग लोकांना. मला एकटीला फक्त एक सांग. तुला ऐकू यायचं का?"

हॉटेलात गर्दी होती. शेजारच्या टेबलावर कुणी पेशंटचे नातेवाईक इडली खात होते. असलं चारचौघांत विचारायचं असतं का? मी पिशवीतून डबा काढला. पहाटे उठून धपाटे केले होते, फडक्यात गुंडाळून आणले होते. म्हटलं, खाऊन घे आधी, अजून मऊ आहेत.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग डबा पुढे ओढला आणि दोन धपाटे खाल्ले, लहानपणी औषध घ्यायची तसे, मान खाली घालून. माझा जीव भांड्यात पडला. पोरगी जेवली म्हणजे राग गेला.

बसस्टँडवर सोडायला आली. खिडकीजवळची जागा धरून दिली, पाण्याची बाटली आणून दिली. पोचल्यावर फोन कर म्हणाली नाही, विसरली असेल.

१५ डिसेंबर

काल ह्यांची दहावी पुण्यतिथी. पाणपोईचं उद्घाटन ठरल्याप्रमाणे झालं, मंडळानं शेवटी मान्यता दिली. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत नाव. महाराजांचा हात लागला, हणमंतराव बोलले, सोयाबीनचे सौदे तासभर थांबवले होते.

आणि शिवानी आली. मी आशा सोडली होती. भाऊजींनी फोन केला आणि ती लगेच हो म्हणाली म्हणे. ठेवणीतली निळी साडी नेसली होती. भाऊजींनी माइक तिच्या हातात दिला, वडिलांबद्दल दोन शब्द बोल म्हणाले. सगळे व्यापारी समोर, हमाल कडेनं उभे, शिवम्मा आणि गल्लीतल्या बायका मांडवाखाली.

शिवानी म्हणाली, "अप्पांची शिस्त होती. आमच्या घरात आवाजसुद्धा मोठा होत नसे." एवढंच. माइक परत दिला.

टाळ्या पडल्या. मी पत्रकारांसमोर बोलले होते तेच शब्द, एकही इकडचा तिकडे नाही. मला रडूच आलं. शेवटी रक्ताचं नातं आहे, पोरीला समजलं. बायकांच्या घोळक्यात शिवम्मा पदरानं डोळे पुसत होत्या, मला म्हणाल्या, पोरीनं राखलं बघा तुम्हाला.

घरी आल्यावर तिनं कपाट उघडून आपले सगळे कागद काढले, मार्कलिस्ट, जन्मदाखला, जातीचा दाखला. बंगळूरला एका मोठ्या लॅबमध्ये काम मिळतंय म्हणाली. मी म्हटलं, एवढ्या लांब? पण पगार चांगला असेल तर असू दे, अनुभव येईल. तिथली भाषा तर आपल्या घरातलीच. अव्वांच्या पाया पडायला गेली तेव्हा अव्वा तिचा हात सोडेनात. शिवानी त्यांच्या कानाशी कानडीत काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. तेव्हापासून अव्वा जेवल्या नाहीत. म्हातारपणी माणूस हळवं होतं.

मला मिठी मारली तिनं, निघताना. आमच्यात तशी पद्धत नाही. ऑक्टोबरपासून मनाला लागलेली टोचणी गेली. आज सगळं जागच्या जागी आहे.

२१ डिसेंबर

शिवानीचा नंबर लागत नाही. बंगळूरला गेल्यावर नवीन कार्ड घेतलं असेल. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, मॅडम पंधरवड्यापूर्वीच सोडून गेल्या. म्हणजे पुण्यतिथीच्या आधीच. तिनं बोलताना 'मिळतंय' म्हटलं होतं, 'मिळालं' नाही. मीच नीट ऐकलं नसेल.

आज टीव्हीखालची धूळ पुसताना घराची किल्ली सापडली. तिची. कॉलेजपासून तिच्या पर्समध्ये असायची ती. विसरली बिचारी घाईत. कुलपात घालून बघितली, चालते अजून. मी ती माझ्या जुडग्यात अडकवून ठेवलीय. आली की देईन.